एसीतला गॅस संपत नाही, गळतो

ठाण्याहून एका गृहस्थांनी विचारलं आहे: दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी, आर-३२ गॅसवर चालणारा, घेऊन चार वर्षं झाली. गेली तीन वर्षं मार्च आला की थंडावा कमी होतो. मेकॅनिक येतो, दाबाचं मीटर लावतो, 'गॅस उतरलाय' म्हणतो, वीस मिनिटांत भरतो आणि तीन हजार घेऊन जातो. गॅसचा छोटा कॅन, नळी आणि मीटर ऑनलाइन मिळतं, व्हिडिओही ढीगभर आहेत. मग हे घरीच केलं तर? धोका कितपत?

स्वतः भरू नका, हे पहिलं उत्तर. दुसरं कदाचित आवडणार नाही: ज्याचे तुम्ही तीनदा पैसे मोजलेत ते काम एकदाही झालेलं नाही.

एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. मशीन चाललं म्हणून तो खर्ची पडत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये उष्णता टाकून तो द्रव होतो, बारीक वाटेतून आत येऊन उकळतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि परत कॉम्प्रेसरकडे जातो. तोच गॅस, तीच फेरी, वर्षानुवर्षं. घरातला फ्रिज आठवा. पंधरा-पंधरा वर्षं चालतो, त्यात दर मार्चला कुणी गॅस भरतं का? कारण फ्रिज कारखान्यातून सगळे सांधे जोडूनच येतो. खिडकीच्या एसीचंही तेच. स्प्लिटची मात्र अर्धी जोडणी तुमच्या भिंतीवर, फिटरच्या हातानं होते. तिथले चार फ्लेअरचे सांधे (नळीचं तोंड फुलवून नटानं आवळलेले) कसे झाले, यावर पुढची दहा वर्षं अवलंबून असतात.

पण गॅस खरंच कमी झालाय का, हे आधी बघू. 'थंड होत नाही' असा फोन आला की माझा पहिला प्रश्न असतो, एसीची जाळी (फिल्टर) कधी धुतली? दुसरा, आउटडोअर कुठे बसवलंय? आमच्याकडे हल्ली इमारतींना शोभेसाठी जाळीच्या आड कोनाडे ठेवतात आणि त्यात चार-चार आउटडोअर एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकत बसतात. तिथे कितीही गॅस भरा, दुपारी दोन वाजता मशीन दमणारच.

लक्षणं बघायला मीटर लागत नाही. इनडोअरचं झाकण उघडा. जाळी किंवा ब्लोअर तुंबला असेल तर बर्फ साधारण सगळ्या कॉइलवर पसरतो. गॅस कमी असेल तर कॉइलचा जिथून गॅस आत येतो तेवढाच भाग गोठतो, बाकीची कॉइल कोरडी. आउटडोअरच्या बारीक नळीवर पांढरं दव गोठलंय आणि जाड नळी गार व्हायची सोडून कोमट, कोरडी आहे, तर संशय गॅसवर घ्यावा. दोन्ही नळ्या सारख्या गार आणि घामेजलेल्या असतील तर आधी धुलाई करा. (धुलाई म्हणजे पाणी आणि कंपनीनं सांगितलेलं सौम्य द्रावण. बाथरूमचं ॲसिड मारणारेही मी पाहिलेत. कॉइल चकचकीत होते, आणि पुढच्या उन्हाळ्याला गळते.)

आता मीटरची गोष्ट, कारण सगळी गफलत तिथेच होते. बंद मशीनला मीटर लावलं तर आर-३२ चा दाब ३० अंश तापमानाला साधारण २६५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दिसेल. आत ८०० ग्रॅम असो की ३०० ग्रॅम, आकडा तोच! स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखं आहे हे. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी शेगडी त्याच जोरानं पेटते, सिलिंडर किती रिकामा झालाय ते ज्योत सांगत नाही. मशीन चालू असताना सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या गॅसचा, दाब बघतात, तो जुन्या एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरला ठीक होता. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली गार होताच वेग उतरवतो, मग सक्शनचा दाब चढतो. वेग वाढला की उतरतो. त्या हलत्या काट्याकडे बघून 'अजून थोडा' म्हणत गॅस सोडणं म्हणजे डोळे मिटून मीठ घालणं. अँपिअरचंही, म्हणजे मशीन किती करंट ओढतं त्याचंही, तसंच. कॉम्प्रेसर ठरावीक वेगानं चालवणाऱ्या टेस्ट मोडवर टाकल्याशिवाय इन्व्हर्टरचा अँपिअर काहीच सिद्ध करत नाही.

म्हणून गॅस मोजायचं साधन मीटर नव्हे, वजनकाटा. आउटडोअरवरच्या पट्टीवर किती ग्रॅम हे छापलेलं असतं, दीड टनाला बहुधा ७०० ग्रॅम ते एक किलोच्या दरम्यान. नळी ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर दर मीटर लांबीमागे किती ग्रॅम वाढवायचे ते पुस्तिकेत असतं. तीन वर्षांत तुमच्या मेकॅनिकनं काटा काढला होता का? नसेल, तर आत्ता तुमच्या मशीनमध्ये किती गॅस आहे हे जगात कुणालाच माहीत नाही.

आर-३२ एकजिनसी आहे, त्यामुळे अर्धवट गळला तरी उरलेल्याची रचना बदलत नाही आणि वरून भरलेला त्यात बेमालूम मिसळतो. 'टॉप-अप चालतो' असं लोक म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं आहे. आर-४०७सी सारख्या मिश्रणात घटक कमी-जास्त वेगानं निसटतात. आर-४१०ए म्हणजे अर्धा आर-३२ आणि अर्धा आर-१२५. तो बराच एकसंध वागतो, पण सिलिंडरमधून द्रवरूपातच काढावा लागतो. हे सगळं खरं असलं तरी भोक तसंच राहिलंय, त्याचं काय?

भोक शोधायचं तर सुरुवात आउटडोअरच्या दोन नटांपासून करावी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं आणि त्यावर धूळ बसून काळपट, तेलकट डाग होतो. तो डाग म्हणजे अर्धा पुरावा. कारणं नेहमीचीच: नळी कापून आतली कड साफ न करता फ्लेअर मारलेला, फ्लेअर तिरका, किंवा पान्याला जोर लावून इतका आवळलेला नट की तांबं चिरलं. पाव इंची नटाला साधारण १५ न्यूटन-मीटर पुरतात, तीन-अष्टमांशला ३५ च्या आसपास. तेवढाच जोर लावू देणारा टॉर्क पाना वापरणारे आमच्यात कमी. बाकीच्यांचा भरवसा मनगटावर. माझाही होता. मग एका वर्षी माझ्याच हातचे तीन सांधे गळके निघाले आणि मी मुकाट्यानं पाना विकत घेतला.

सांधे ठणठणीत निघाले तर नजर इनडोअरच्या कॉइलकडे वळते, आणि तिथे आपल्याकडची गोष्ट जरा वेगळी आहे. खाडी आणि उघड्या नाल्यांजवळच्या इमारतींत हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो तांब्याला काळं करतो आणि खातो. शिवाय रंग, डिंक, प्लायवूड, काही सफाईची द्रव्यं यांतून सुटणारी सेंद्रिय आम्लं तांब्यात मुंगीच्या वारुळासारखी नागमोडी बिळं पाडतात. वरून नळी चांगली दिसते, सुईच्या टोकाएवढं छिद्रही दिसत नाही, आणि वर्षाला दोन-तीनशे ग्रॅम गॅस निघून जातो. दर मार्चला ठरल्यासारखी येणारी तक्रार या प्रकारात मी पुष्कळदा पाहिली आहे. अशी कॉइल ब्रेझिंग करून (ज्योतीनं धातू वितळवून भोक बुजवून) वाचवू नये. एक भोक बुजवलं तर शेजारचं दोन महिन्यांनी फुटतं. कॉइल बदला. तुमच्या हमीपत्रात कॉइलबद्दल काय लिहिलंय ते आजच वाचा. कॉम्प्रेसरची दहा वर्षांची हमी म्हणजे गॅसची किंवा कॉइलची हमी नव्हे, हे लोकांना फार उशिरा कळतं.

योग्य दुरुस्ती कशी होते ते सांगतो, म्हणजे समोर काम चालू असताना तुम्हाला समजेल.

आधी उरलेला गॅस रिकव्हरी मशीननं सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. खिडकीतून फुस्स करून सोडायचा नाही. आर-३२ ओझोनला इजा करत नाही, पण एक किलो आर-३२ हवेला ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. तीन वर्षांत तुमच्याकडून किलोभर जरी निसटला असेल तरी हिशेब तुम्हीच करा. काढलेला गॅस तोलला की किती गळला तेही कळतं.

मग गळती शोधायला नायट्रोजन. कोरडा, आणि रेग्युलेटरमधूनच. भरलेल्या सिलिंडरमध्ये १५० बारच्या आसपास दाब असतो, तो थेट तांब्याच्या नळीत सोडला तर नळी फुटेल. दाब टप्प्याटप्प्यानं चढवतात: आधी ५०, मग १५०, मग पट्टीवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत ४०० पीएसआयच्या आसपास. प्रत्येक टप्प्यावर थांबून साबणाचा फेस लावायचा. बारीक गळतीला रात्रभर ठेवणं उत्तम. पण सकाळी दाब उतरलेला दिसला म्हणून लगेच गळती समजू नये. संध्याकाळी ३७ अंश आणि पहाटे २७ अंश असेल, तर तापमान उतरल्यामुळेच ४०० चा आकडा तेरा-एक पीएसआयनं खाली येतो. यावरून मी एका नवख्या मुलाला अख्खा दिवस नसलेलं भोक शोधताना पाहिलंय.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरांत: दाब चाचणीला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर हाताशी असतो आणि नायट्रोजन नसतो, म्हणून हा मोह होतो. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीचीही गरज उरत नाही, स्फोट होतो. साधी दाबलेली हवाही ज्वलनशील गॅसच्या मशीनमध्ये नको.

सांधा दुरुस्त झाला की व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं. हीच पायरी सगळ्यात जास्त चुकवली जाते, कारण ती दिसत नाही आणि वेळ खाते. पुष्कळ जण मशीनमधलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा 'ढकलतात' आणि काम झालं म्हणतात. आत राहिलेली हवा द्रव होत नाही, ती बाहेरच्या कॉइलमध्ये जागा अडवून दाब चढवते. आणि आत राहिलेलं पाणी त्याहून वाईट. आर-३२ च्या मशीनमधलं तेल ओलावा शोषून घेतं, पॉलिएस्टर जातीचं असेल तर पाण्याशी मिळून आम्ल तयार होतं, आणि ते कॉम्प्रेसरची वाइंडिंग खातं. शिवाय पाण्याचा कण बारीक वाटेत गोठला की थंडावा जातो, मशीन बंद ठेवलं की वितळतो, थंडावा येतो. असं येऊन-जाऊन चालणारं मशीन दिसलं तर पीसीबी (सर्किट बोर्ड) बदलायच्या आधी ओलाव्याचा विचार करावा.

व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली न्यायचा. वातावरणाचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो, म्हणजे ५०० किती खोल ते लक्षात घ्या. त्या दाबाला पाणी शून्याच्या चोवीस-पंचवीस अंश खालीही टिकत नाही, वाफ होऊन निघून जातं. साध्या निळ्या मीटरच्या काट्यावर हे कळत नाही, त्याला वेगळं व्हॅक्यूम गेज लागतं. पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. आकडा थोडा चढून एका जागी थांबला तर ओलावा शिल्लक आहे, पंप पुन्हा लावा. चढतच राहिला तर भोक आहे. जुलैत, दमट हवेत उघडी पडलेली नळी असेल तर पंपाला दीड तासही कमी पडतो. वीस मिनिटांत गॅस भरून निघालेला माणूस यातलं काय करून गेला असेल?

शेवटी वजनकाटा. सिलिंडर काट्यावर, काटा शून्यावर, पट्टीवरचे ग्रॅम मोजून आत. बस्स.

आता धोक्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तो होता.

आर-३२ पेटतो का? पेटतो, पण नाखुशीनं. हवेत साधारण १४ टक्के मिसळला तरच, आणि ज्योत फार संथ पसरते. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची बंद खोली घ्या. त्यात तुमच्या मशीनमधले समजा ८७० ग्रॅम सगळे सांडले आणि नीट मिसळले, तरी पेटायला लागतो त्याच्या नवव्या हिश्शाइतकंच प्रमाण होतं. मग भीती कसली? भीती 'नीट मिसळले' या दोन शब्दांत आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. गळक्या नळीच्या तोंडाशी, जमिनीलगत, बंद कोनाड्यात तो साचतो, आणि आपण नेमके तिथेच ज्योतीची टॉर्च पेटवून ब्रेझिंगला बसतो. म्हणून आर-३२ चं काम करताना खिडक्या उघड्या, पंखा चालू, देवघरातला दिवा आणि गॅसची शेगडी बंद, विडी-सिगारेट बाहेर.

आर-२९० ची गोष्ट वेगळी. तो शुद्ध प्रोपेन आहे. आपल्याकडे २०१२ पासून गोदरेजनं त्यावर चालणारे एसी विकायला काढले. हवा तापवण्याच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपद्रवी आहे आणि थंडावा उत्तम देतो. पण पेटायला दोन टक्क्यांच्या थोडं वर प्रमाण पुरतं. त्याच खोलीत ३५० ग्रॅम सांडला तरी पेटण्याच्या हद्दीचा तिसरा हिस्सा ओलांडला जातो, आणि स्विचची किरकोळ ठिणगीही त्याला चालते. म्हणून ते मशीन त्याच्यासाठी शिकलेल्या माणसाकडेच द्यावं. जुन्या आर-२२ च्या मशीनमध्ये 'स्वस्तात होतं' म्हणून प्रोपेनसारखा हायड्रोकार्बन भरणारे भेटतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. आर-२२ च्या मशीनमध्ये आर-३२ भरणं तर त्याहून अचाट. ५० अंशांना आर-२२ चा दाब २६५ पीएसआयच्या आसपास, आर-३२ चा ४४० च्या. ती कॉइल त्यासाठी बनलेलीच नाही.

द्रव गॅस बोटांवर उडाला तर तो उणे ५१ अंशांना उकळत असतो. कातडी पांढरी पडते, भाजल्यासारखा फोड येतो, डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. चष्मा आणि हातमोजे या कारणासाठी. कॅन गरम करायला मेणबत्ती किंवा हीट गन लावतात ते तर करूच नका.

पेटलेल्या गॅसचा धूर मी स्वतः घेतलाय. कामाला लागून दुसरंच वर्ष, आर-२२ चं मशीन, नळी रिकामी आहे असं उस्तादांनी सांगितलं आणि मी टॉर्च लावली. आत थोडा गॅस होता. ज्योत हिरवट झाली, नाकात असा झणका बसला की पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत श्वास घेता येईना. तापून फुटलेल्या या गॅसमधून हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ निघते, थोडा फॉस्जीन हा विषारी वायूही. आर-३२ मध्ये क्लोरीन नाही, पण हायड्रोफ्लोरिक आम्ल आहेच. टॉर्च लावण्याआधी नळी उघडी करून नायट्रोजननं झाडून घ्यायची, हे तेव्हापासून मला कुणी सांगावं लागत नाही.

घर बदलताना करतात ते पंप-डाऊनही घरी करू नका. त्यात गॅस आउटडोअरमध्ये गोळा करून दोन्ही वॉल्व्ह बंद करतात. कॉम्प्रेसर चालू असतानाच कुणी नळी सैल केली किंवा कुठे मोठी गळती असली, तर कॉम्प्रेसर हवा ओढतो. हवा, तेलाची वाफ आणि प्रचंड दाब: डिझेल इंजिनात होतं तेच होतं, फक्त इथे कॉम्प्रेसरचं कवच फुटतं.

आणि वीज. प्लग काढला म्हणून इन्व्हर्टरच्या आउटडोअरमधला करंट लगेच मरत नाही. पीसीबीवरचे कॅपॅसिटर तीनशे व्होल्टच्या वर साठवून ठेवतात. काही मिनिटं थांबून, मल्टिमीटरनं तपासूनच हात घालायचा. शिवाय तुमचं आउटडोअर भिंतीबाहेर ब्रॅकेटवर असेल तर गॅसपेक्षा मोठा धोका तो आहे. बेल्ट न लावता कुणालाही खिडकीबाहेर पाय ठेवू देऊ नका, तो कितीही 'रोजचंच आहे साहेब' म्हणाला तरी.

तेव्हा कॅन मागवू नका. जाळी पंधरा दिवसांनी धुवा, वर सांगितलेली लक्षणं बघा, आणि गॅसचीच शंका पक्की झाली तर मेकॅनिकला फोनवरच विचारा: नायट्रोजन आणणार का, व्हॅक्यूम पंप आणि गेज आहे का, वजन करून भरता का? 'त्याची गरज नसते' असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा. दर जास्त पडेल, काम अर्धा दिवस चालेल. कंपनीची हमी बाकी असेल तर आधी कंपनीलाच बोलवा आणि 'गॅस भरा' असं सांगू नका, 'गळती शोधून लेखी द्या' असं सांगा. या दोन तक्रारींवर येणारी माणसं आणि त्यांच्या पिशव्या वेगळ्या असतात. काम झाल्यावर आउटडोअरच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवून घ्या: तारीख, गळती कुठे होती, किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम भरला. पुढच्या मार्चला पुन्हा थंडावा कमी वाटला तर येणारा माणूस कुठलाही असो, त्याला आधी ती चिठ्ठी वाचायला लावा.